माइकवरचं गाऱ्हाणं

धाकूकाका चहा मागत नसत, चहासाठी गाऱ्हाणं घालत.

आमच्या पडवीत येऊन उभे राहत, वहाणा बाजूला काढत, हात जोडत आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सुरू करत, "बाय म्हाराजा, तू जी काय ह्या घराची लक्ष्मी, ह्या चुलीची मालकीण, तुझ्या दारात आज हा धाकू उभा हाय. सकाळपासून घसा सुकलेला हाय. तर त्याच्या घशाखाली घोटभर चाय उतरव, आणि साखर घालताना तुझा हात मोकळा ठेव. यात काय चूकभूल असंल तर पोटात घाल." आई आतून म्हणे, "व्हय म्हाराजा," आणि आधण ठेवी.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या कोकणात देवाकडे काही मागायचं ते मनातल्या मनात मागत नाहीत. सगळ्या गावासमोर, मोठ्या आवाजात मागतात. एकाने बोलायचं, त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. तो थांबला की बाकीच्यांनी एकसुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हणजे मागणं एकट्याचं राहत नाही, गावाचं होतं. आमच्या गावात हा बोलायचा मान धाकूकाकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. काका माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. लग्न केलेलं नाही, आमच्या शेजारच्या घरात एकटे राहत. अंगाने काटकुळे, पण आवाज असा की देवळात तोंड उघडलं की वर कातळाच्या सड्यावर चरणारी गुरं माना वर करत.

हा आवाज देवळातच राहिला असता तर मला काही म्हणायचं नव्हतं. तो सगळीकडे जाई.

एसटी उशिरा आली की काका ड्रायव्हरच्या दाराखाली उभे. "बा म्हाराजा, तू जो काय ह्या गाडीचा धनी, वळणावळणाचा राखणदार..." वाडीला विजेचा खांब हवा होता, तर काका विजेच्या कचेरीत जाऊन साहेबांच्या टेबलावर नारळ ठेवून सुरू झाले. साहेब विदर्भातले, नवीन बदलून आलेले. त्यांना वाटलं हा म्हातारा आपल्याला काहीतरी शाप देतो आहे. खांब लगेच आला. आजूबाजूच्या वाड्यांना अजून मिळालेले नव्हते.

मी आमच्या वाडीतला पहिला ग्रॅज्युएट. बी.कॉम., सेकंड क्लास. सुट्टीत आंब्याच्या पेट्या ठोकल्या आणि शिकलो. हे मी आपणहून सांगतो, कारण कोणी विचारायची वाट बघितली तर विचारत नाहीत. रत्नागिरीत एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत नोकरी लागली, खोली घेतली, शर्ट पँटीत खोचायला लागलो. आणि मग माझ्यासाठी मुलगी बघायला साताऱ्याला गेलो तेव्हा घरातले थोरले म्हणून काका बरोबर.

पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मग, मुलाबद्दल काही सांगा." मी खिशातून मार्कलिस्ट काढणार एवढ्यात काका उठून उभे राहिले.

"बा म्हाराजा, तुम्ही जे काय ह्या घराचे धनी. आमचा पोरगा तुमच्या दारात आणलेला हाय. पोरगा रागीट हाय. खाण्यात खोडी काढतो. झोपेत घोरतो. पण शिकलेला हाय, आणि खोटं बोलत नाय. तर ह्या दोघांची गाठ बांधा आणि त्यांच्या संसारावर हात ठेवा. यात काय चूकभूल असंल तर पोटात घाला."

मी जमिनीकडे बघत होतो. त्या घराच्या फरशीवर कुठे कुठे चिरा होत्या ते मला आजही सांगता येईल. मुलीचे वडील चष्मा काढून पुसत बसले. शेवटी ते म्हणाले, "आजवर जेवढी स्थळं आली, त्यातलं खरं बोललेलं हे पहिलंच." ती मुलगी आज माझी बायको आहे. जेवताना मी काही बोललो की ती नुसती माझ्याकडे बघते आणि म्हणते, "काका म्हणाले होते."

असे हे काका. आता निवडणुकीचं.

आमचे आमदार दाजीसाहेब. किती वर्षं निवडून येत होते ते मोजायचं कोणी सोडूनच दिलं होतं. प्रत्येक निवडणुकीत अर्ज भरला की ते आमच्या गावात येत, ग्रामदेवतेला नारळ ठेवत, काका गाऱ्हाणं घालत, गाव 'व्हय म्हाराजा' म्हणे आणि निवडणूक झाली असं आम्ही समजत असू. मतदान वगैरे नंतरचं. मग ते काकांच्या पडवीत बसत, कोकम सरबत पीत आणि जात. काका त्यांच्यासमोर खांबाला टेकून उभे असत. "साहेब, अजून घ्या. साहेब, बरं हाय ना?" बस्स, एवढंच बोलणं.

त्या वर्षी, दोन हजारच्या आसपासची ही गोष्ट, दाजीसाहेबांनी जाहीर केलं की आता आपण उभे राहणार नाही. तरुणांना संधी द्यायची आहे. जो पुढे आला तो तरुण म्हणजे भाई. पन्नाशीचे. रत्नागिरीत बांधकामाचा धंदा, गळ्यात जाड साखळी, खिशात मोबाईल. पण जागा मोकळी झाली म्हटल्यावर भाई एकटे कसले? आणखी तिघे उभे राहिले. आणि इतकी वर्षं ज्या गावाकडे निवडणुकीत कोणी ढुंकून बघत नव्हतं, त्या आमच्या गावात जीपमागून जीप यायला लागली. सगळ्यांना एकच हवं होतं, देवाला नारळ आणि काकांचं गाऱ्हाणं.

काकांपुढे मोठा पेच. सगळ्यांसाठी तेच मागायचं कसं? देव म्हणेल, धाकू, तू कोणाचा? काकांनी त्यावर उपाय काढला. पहिल्यासाठी त्यांनी मागितलं, "ह्याला यश दे." दुसऱ्यासाठी मागितलं, "ह्याच्या मनात जे हाय ते ह्याच्या पदरात घाल." तिसऱ्याच्या कार्यकर्त्यांनी हे सगळं ऐकलेलं. तिसऱ्यासाठी काका म्हणाले, "ह्याच्या हातून चांगलं घडव." गाऱ्हाणं संपल्यावर एक कार्यकर्ता अंगावर आला.

"पहिल्याला यश, आणि आमच्याला नुसतं चांगलं?"

"चांगलं तुला नुसतं वाटतंय?" काका म्हणाले. "मंग तू बस, मी परत सांगतो देवाला, ह्यांना चांगलं नको हाय म्हणून."

तो बसला.

त्याच दिवसांत काका वरचेवर रत्नागिरीला यायला लागले. संध्याकाळी परतीच्या गाडीआधी माझ्या कचेरीत डोकावत आणि दारातून कारकुनांना उद्देशून, "बा म्हाराजा, तुम्ही जे काय ह्या फायलींचे राखणदार..." बाकीचे हसत. मी काकांना दंडाला धरून बाहेर नेई.

"काका, इथे नको."

"बरं. नको तर नको."

"रोज रोज कशाला येता?"

"दात," असं म्हणून ते गालावर हात ठेवत. त्यांच्या तोंडात दात उरले होतेच थोडे. एवढ्याशा दातांवर कोणता डॉक्टर इतके दिवस काम करतो, हे मी विचारलं नाही. काका पायऱ्या उतरून वळणाआड होईपर्यंत मी दारात थांबे. ते पुन्हा वर येऊ नयेत म्हणून.

आमच्या संस्थेचे चेअरमन भाईंचे खास. त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुमच्या गावचा देव जागृत म्हणतात. भाईंना तुम्ही घेऊन जा. गाऱ्हाणं मोठं झालं पाहिजे." मी म्हटलं, होईल. गावाला ओढ्यावर, म्हणजे आमच्या पऱ्यावर, साकव हवा होता, लहानसा पूल; पावसाळ्यात पोरं शाळेला जाऊ शकत नव्हती. भाईंनी साकव कबूल केला होता. म्हणजे त्या दिवशी गावाचा साकव माझ्या हातात होता असं मी समजत होतो. चेअरमनच्या शेजारी, जीपच्या पुढच्या सीटवर बसून गावात शिरलो. भात कापणीचे दिवस होते. शेतातल्या बाया कमरेवर हात ठेवून बघत होत्या. आई पण त्यांच्यात होती. मी तिच्याकडे बघून मान हलवली, जरा मोठ्या माणसासारखी.

भाईंच्या माणसांनी एक काम जास्तीचं केलं. देवळाच्या खांबाला कर्णे बांधले आणि काकांच्या तोंडासमोर माइक ठेवला. काकांना माइक म्हणजे समईला बॅटरी लावण्यासारखं. पण त्या दिवशी ते मुळात गप्पच होते. सकाळच्या पहिल्या गाडीने रत्नागिरीला जाऊन नुकतेच परत आले होते. डोळे लाल होते. मी कानात म्हटलं, "काका, भाईंचं नाव नीट घ्या. यश मागा. नुसतं चांगलं नको." ते म्हणाले, "व्हय रे."

भाईंनी नारळ ठेवला. मी त्यांच्या उजव्या हाताला. काकांनी हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा..."

कर्ण्यांनी तो आवाज उचलला आणि खालच्या वाडीत, वरच्या वाडीत, पऱ्यापलीकडे सगळीकडे फेकला. "तू ह्या गावाचा धनी, चारी शिवेचा राखणदार. तुझ्या पायाशी आज गाव गोळा झालेला हाय. निवडणुकीचं कार्य उभं राहिलेलं हाय. तर म्हाराजा, हा जो तुझा लेक..." इथे काका जरा थांबले. "हा जो तुझा लेक दाजी, त्याच्यामागची इडापिडा दूर कर. त्याला दुखणंखुपणं देऊ नको. त्याला यश दे, आणि त्याला आमच्यात राहू दे. यात काय चूकभूल असंल तर पोटात घाल."

आणि गाव, सवयीने, एकसुरात, "व्हय म्हाराजा."

देवळातल्यांनी म्हटलं. शेतातल्या बायांनी विळे हातात धरून म्हटलं. पऱ्यापलीकडून, जरा उशिराने, तिथल्या माणसांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." आणि खरं सांगायचं तर मीही म्हटलं. भाईंच्या उजव्या हाताला उभा राहून.

भाई डोळे मिटून, हसतमुख, हात जोडून तसेच. त्यांना कळायला त्यांच्या माणसाने कानाशी लागावं लागलं. मग ते हसू हळूहळू उतरत गेलं. देवळात कोणी कोणाकडे बघेना. चेअरमन मात्र माझ्याकडे बघत होते.

"चुकून झालं," मी म्हणालो. "काका, परत घाला."

काका डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकदा घातलेलं गाऱ्हाणं परत घेता येत नाय. देव काय रेशनचा दुकानदार हाय, माल बदलून द्यायला?"

माइक चालूच होता. हेही सगळ्या गावाने ऐकलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. शेजारच्या गावातली माणसं एसटीत भेटली की विचारत, "तुमच्याकडून दाजीसाहेबच उभे काय?" मी खिडकीबाहेर बघितलं की मागच्या सीटवरून कोणीतरी हळूच म्हणे, 'व्हय म्हाराजा.' कचेरीत चेअरमन मला काही बोलले नाहीत. नुसतं बोलवायचं बंद केलं. मी खोलीवर जाऊन बसे आणि तो आवाज कानात आला की कान तापत. इतका शिकलो, आणि माझी ओळख काय, तर त्या म्हाताऱ्याचा पुतण्या.

रविवारी देवळात गावकी बसली. मलाही बोलावणं होतं. साकव गेला, गावाचं नाक गेलं, असं सगळे आपसात पुटपुटत होते. पण पुढे होऊन बोलायला कोणी धजेना, कारण 'व्हय' तर प्रत्येकाने म्हटलेलं. मानकरी आप्पांनी सुपारी कातरत घसा साफ केला आणि थांबले. तेवढ्यात काकाच उभे राहिले. सगळे धास्तावले, आता हे गाऱ्हाणं घालतायत की काय. पण ते साध्या आवाजात बोलले. इतका साधा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"जीभ चुकली. ज्याची जीभ चुकते त्याने देवापुढे बोलू नये. मान आजपासून सुरेशकडे द्या."

सुरेश म्हणजे भावकीतलाच, वयाने लहान, बरा बोलणारा.

"धाकू, पण असं कसं चुकलास?" आप्पांनी विचारलं. "सवयीने गेलं काय नाव?"

"चुकलो," काका म्हणाले. "आणखी काय सांगू."

ते वहाणा घालून निघून गेले. कोणी अडवलं नाही. मला त्या वेळी वाटलं ते लिहूनच टाकतो, मला सुटल्यासारखं वाटलं. आता बाहेर कुठे हे म्हातारं उठून उभं राहणार नाही.

निवडणूक झाली. आणि भाई आरामात निवडून आले. आमच्या गावानेही त्यांनाच भरभरून मतं दिली होती, जरा जास्तच, लाजेपोटी. निकालाच्या दिवशी रत्नागिरीत मतमोजणीच्या जागेबाहेर गुलाल उधळत होते. चेअरमननी मला गर्दीतून ओढलं, माझ्या डोक्यावर मूठभर गुलाल टाकला आणि म्हणाले, "झालं गेलं विसरा. चला, दाजीसाहेबांच्या पाया पडायला जायचं आहे. भाईंनी स्वतः सांगितलंय." मी खूश होऊन जीपमध्ये चढलो. कोणीतरी माझ्या दोन्ही हातांत गुलाल दिला, तो मीही उधळला.

दाजीसाहेबांचं घर रत्नागिरीच्या बाहेर, आंब्याच्या बागेत. ओटीवर ते आरामखुर्चीत बसलेले, कमरेपासून खाली चादर. किती वाळले होते. आणि त्यांच्या खुर्चीशेजारी, खाली स्टुलावर, आमचे धाकूकाका.

गर्दी हसली. कोणीतरी मागून म्हणालं, "दोन्ही रिटायर एका ठिकाणी."

भाई पुढे झाले, पायांवर डोकं ठेवायला वाकले. काका पटकन मध्ये आले. "वरूनच नमस्कार करा. साहेबांचे गुडघे दुखतायत." पण भाईंचा हात चादरीपर्यंत पोचलाच होता. चादर जराशी सरकली. ती काकांनी लगेच ओढून घेतली. भाईंचं लक्ष फोटोवाल्याकडे होतं. त्यांनी हार घातला, फोटो झाला, पेढा भरवला, आणि गर्दी आली तशी घोषणा देत निघून गेली.

मी गेलो नाही. मी बघितलं होतं. चादरीखाली एकच पाय होता.

फाटकापाशी जीपचा आवाज लांब गेला. मी ओटीच्या पायरीवरच थांबलो. त्या दोघांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"धाकू," दाजीसाहेब म्हणाले, "माझ्यामुळे तुझा मान गेला. उद्या गावात येतो आणि खरं काय ते सांगतो."

"येशील कसा? चालत?"

दोघे हसले. दाजीसाहेबांना हसताना खोकला आला, तसा काकांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "गप बस, दाजी," ते म्हणाले. मी काकांच्या तोंडून त्यांना साहेबांखेरीज दुसरी हाक ऐकली नव्हती. पुढे कळलं, मराठी शाळेत दोघे एका बाकावर होते. एक पुढे शिकला, एक नाही. मग लोकांदेखत एकजण साहेब झाला.

"लोकांना कळू दे की," दाजीसाहेब म्हणाले.

"तूच सांगितलंस ना कोणाला कळायला नको म्हणून? लोक बघायला येतील, ते तुला सोसायचं नाय म्हणून? मंग आता कशाला." काका चादर नीट करत होते. "त्या दिवशी सकाळी तुझी पट्टी बदलून गेलो. मनात तेच होतं. तोंडाने दुसरं बोलायचं होतं, मनातलं आलं. पण बरंच झालं. माझं मागून झालंय, दाजी. माइकवरून. सगळ्या गावाने व्हय म्हटलंय."

दाजीसाहेबांनी हार काढून बाजूला ठेवला.

मग काकांनी मला बघितलं. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते दाजीसाहेबांना म्हणाले, "हा आमचा. मघाशी गर्दीत ओळखलास नाय. आमच्या वाडीतला पहिला ग्रॅज्युएट. शिकलेला हाय, ह्याला सांगायला लागत नाय. हा बोलणार नाय कुठे."

मी बोललो नाही. दाजीसाहेब असेपर्यंत नाही आणि काका असेपर्यंत नाही.

"ये, हात लाव," काका म्हणाले. "ह्याला आत घ्यायचाय, पट्टी बदलायची हाय. एकट्याने आता उचलत नाय माझ्याने." मी पुढे झालो तसं त्यांनी मला थांबवलं. "आधी ते हात धू. जखमेला लागंल."

मी हातांकडे बघितलं. परसात दगडी डोणीत पाणी होतं, कडेला साबणाची वडी. मी घमेल्यात पाणी घेऊन हात घासायला लागलो. बोटांच्या मधला गुलाल निघाला, नखांतला निघेना. पाणी लाल झालं, ते ओतून टाकून दुसरं घेतलं. आत काका दाजीसाहेबांशी काहीतरी हळू बोलत होते, माझी वाट बघत. मी घासत राहिलो.